खुर्ची आहे, पण चिन्ह कुठे आहे?

निवडणूक जवळ आली की रिपब्लिकन नेत्यांच्या पत्रकार परिषदेत एक शब्द हमखास ऐकू येतो : ‘सन्मानजनक जागा’. सन्मानजनक म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. मित्रपक्षांची यादी जाहीर होते, तीत आपले नाव नसते. मग नाराजी व्यक्त होते, बैठक होते, सत्तेत योग्य वाटा देण्याचे आश्वासन मिळते आणि दुसऱ्या दिवशी निळे झेंडे घेऊन आपले कार्यकर्ते दुसऱ्याच्या उमेदवाराच्या प्रचारफेरीत पुढे चालू लागतात. हे आजचे नाही. काँग्रेसबरोबर असताना हेच होत होते, भाजपबरोबर गेल्यावरही हेच होत आहे. यजमान बदलला, पंगत तीच राहिली.

रिपब्लिकन पक्ष (आठवले गट) २०११ मध्ये शिवसेना-भाजप युतीत गेला. रामदास आठवले २०१४ मध्ये राज्यसभेवर गेले. जुलै २०१६ मध्ये ते केंद्रात सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री झाले. २०१९ आणि २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा शपथ घेतली. लहान पक्षाचा नेता सलग तीन वेळा केंद्रीय मंत्रिमंडळात जातो, ही साधी गोष्ट नव्हे आणि तिची टिंगल करण्यात मला रस नाही. त्यांच्या कविता ऐकून हसणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासारखे गावोगाव फिरणारे फार थोडे आहेत. पँथरच्या दिवसांपासूनचे त्यांचे कष्ट आपल्या लोकांनी पाहिलेले आहेत. प्रश्न त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा नाही. सरकारमध्ये भागीदार असलेल्या पक्षाचे निवडणुकीतले भवितव्य काय, हा प्रश्न आहे.

२०२४ च्या लोकसभेला महायुतीने महाराष्ट्रातल्या ४८ पैकी एकही जागा या पक्षाला दिली नाही. शिर्डी मागितली होती, ती शिंदे यांच्या शिवसेनेला गेली आणि तिथे महायुती हरली. त्याच वर्षीच्या विधानसभेत महायुतीची लाट आली, भाजपने एकट्याने १३२ जागा जिंकल्या. त्या लाटेतही रिपब्लिकन पक्षाच्या चिन्हावर एकही आमदार निवडून आला नाही. २८८ सदस्यांच्या सभागृहात २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. त्या २९ जणांत आंबेडकरी पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला माणूस शोधून सापडणार नाही. गंमत अशी की २०२३ मध्ये याच पक्षाने नागालँडमध्ये दोन आमदार निवडून आणले. ज्या भूमीत बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला तिथे शून्य आणि नागालँडच्या डोंगरात दोन! तिथे पक्ष आपल्या चिन्हावर लढला होता, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

चिन्हाचा हा मुद्दा आपल्या चळवळीत तांत्रिक समजून सोडून दिला जातो. मी वकिली करतो, म्हणून मला तो तांत्रिक वाटत नाही. २०१९ च्या विधानसभेत युतीने रिपब्लिकन पक्षाला काही जागा सोडल्या, पण उमेदवार लढले कमळावर. माळशिरसची जागा त्यात होती. ती जिंकलीही. निवडून आलेले राम सातपुते सभागृहात भाजपचे आमदार म्हणून बसले आणि २०२४ मध्ये भाजपने त्यांना सोलापुरातून लोकसभेला उभे केले. रिपब्लिकन पक्षाच्या कोट्यातली जागा म्हणून जिचे पेढे वाटले गेले, तिच्यातून रिपब्लिकन पक्षाला काय मिळाले?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. त्यातल्या स्पष्टीकरणानुसार, ज्या पक्षाने उमेदवार म्हणून उभे केले त्याच पक्षाचा तो सदस्य मानला जातो. त्या पक्षाचा व्हिप त्याच्यावर बंधनकारक. व्हिप मोडला तर आमदारकी जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जी. विश्वनाथन प्रकरणात तर असे सांगितले की पक्षाने हाकलून दिले तरी तो सदस्य कायद्याच्या नजरेत उभे करणाऱ्या पक्षाचाच राहतो. म्हणजे कमळावर किंवा घड्याळावर किंवा पंजावर निवडून आलेला आपला माणूस गळ्यात निळा पंचा घालून सभागृहात गेला, तरी मतदानाची घंटा वाजली की तो आपला नसतो. दलित अत्याचाराच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध हात वर करण्याचा अधिकार त्याने अर्ज भरतानाच गहाण टाकलेला असतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका विधानसभा निवडणुकीत आमच्या एका कार्यकर्त्याचा अर्ज मी तयार केला होता. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. मान्यता नसलेल्या पक्षाच्या किंवा अपक्ष उमेदवाराला मतदारसंघातले दहा सूचक लागतात. आम्ही रात्रभर वस्तीत फिरून दहा जण जमवले. त्यात एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते, एक अंगणवाडी सेविका होती, दोघे गवंडीकाम करणारे. मतदार यादीतले भाग क्रमांक, अनुक्रमांक तपासून मी सह्या घेतल्या. सकाळी सगळे त्या दिवसाची मजुरी बुडवून कचेरीपाशी आले होते. दुपारी तीनची मुदत. दीडच्या सुमारास एक गाडी आली आणि तिच्यातून मोठ्या मित्रपक्षाचा एबी फॉर्म आला. वरून निरोप होता : जागा आपलीच, चिन्ह मात्र त्यांचे. नवा अर्ज भरला. आता एकच सूचक पुरणार होता आणि तोही मित्रपक्षाच्या तालुकाध्यक्षांनी ठरवला. आमचे दहाही जण फाटकाबाहेर उभे होते. कंडक्टर काकांनी विचारले, ‘वकीलसाहेब, मग आमची सही आता लागत नाही का?’ मी काय उत्तर देणार? त्यांना चहा पाजला आणि घरी पाठवले.

आमचा उमेदवार पडला. ते होते, निवडणुकीत कोणीतरी पडतेच. पण निकालानंतर मी फॉर्म २० पाहायला बसलो. हा मतदान केंद्रवार मतांचा अंतिम तक्ता. आमच्या वस्तीच्या केंद्रांवर मते भरभरून पडली होती, पण त्या तक्त्यावर ती मित्रपक्षाच्या नावासमोर होती. त्यातली आमची किती, त्यांची किती, हे कोणत्या न्यायालयात सिद्ध करणार? पुढच्या वेळी जागावाटपाच्या बैठकीत त्याच पक्षाच्या नेत्याने आमच्या लोकांना विचारले की तुमचे या मतदारसंघात मतदान किती? पुरावा आमच्याच हातांनी त्यांच्या खात्यात जमा केला होता!

आघाडी करणे म्हणजे लाचारी, असे मानणारा मी नाही. १९५२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पा. ना. राजभोज सोलापुरातून लोकसभेवर गेले, ते शेतकरी कामगार पक्षाशी झालेल्या समझोत्यातून. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून दादासाहेब गायकवाड नाशिकमधून निवडून आले. १९९८ ची लोकसभा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि भिंती रंगवायला जात होतो. काँग्रेसशी समझोता झाला, गटतट बाजूला ठेवले गेले आणि चार खासदार निवडून आले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही जागा सर्वसाधारण होत्या. राखीव नव्हत्या. बौद्ध उमेदवाराला खुल्या मतदारसंघात बौद्धेतर मते मिळत नाहीत, हा सिद्धान्त त्या वर्षी चार ठिकाणी खोटा ठरला. त्यामागे करुणा वगैरे नव्हती. काँग्रेसला आपल्या मतांची गरज होती, आपल्याला तिच्या, आणि दोन्ही बाजूंची मते दोन्हीकडे गेली.

वर्षभरात लोकसभा विसर्जित झाली, काँग्रेस फुटली आणि आपले नेते त्या दोन काँग्रेसमध्ये वाटले गेले. १९९९ मध्ये आठवले पंढरपूरच्या राखीव जागेवर निवडून आले, आंबेडकरांनी अकोला राखले, बाकीचे दोघे पडले. मोठ्या पक्षाच्या भांडणात लहान पक्ष फुटतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. पुढे २००९ मध्ये आठवले शिर्डीतून हरले. त्या पराभवाची जखम त्यांना युतीकडे घेऊन गेली, असे म्हणतात. मित्रपक्षाने मते दिली नाहीत, ही त्यांची तक्रार होती आणि ती पूर्णपणे चुकीची होती असे मी म्हणणार नाही. आपली मते मित्राला जातात, मित्राची मते आपल्याला येताना वाटेत अडतात. हा अनुभव गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. पण त्यावर उपाय म्हणून मित्र बदलला गेला, अटी बदलल्या गेल्या नाहीत.

अटी बदलता येतात का? तामिळनाडूकडे पाहा. तोल. तिरुमावळवन यांचा विदुथलै चिरुथैगल कच्ची हा पक्ष दलित पँथरच्याच प्रेरणेतून उभा राहिला. २००१ मध्ये ते द्रमुकच्या चिन्हावर आमदार झाले. आपल्या पक्षाचे म्हणून बोलता येत नाही, हे ध्यानात आल्यावर २००४ मध्ये त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. आपल्याकडे असा राजीनामा कोणी दिला आहे का, आठवून पाहा. २०१९ च्या लोकसभेत ते द्रमुक आघाडीत होते. त्यांच्या पक्षाचे रविकुमार विलुप्पुरममधून द्रमुकच्या उगवत्या सूर्यावर लढले, पण तिरुमावळवन स्वतः चिदंबरममधून स्वतंत्र चिन्हावर, मडक्यावर, लढले आणि अवघ्या ३,२१९ मतांनी निवडून आले. मोठ्या पक्षाचे चिन्ह घेतले असते तर मताधिक्य वाढले असते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. २०२१ च्या विधानसभेत पक्षाने सहा जागा लढवून चार जिंकल्या, मडक्यावरच, आणि त्यातल्या दोन सर्वसाधारण मतदारसंघांतल्या. २०२४ मध्ये दोन्ही खासदार मडक्यावर निवडून आले. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने त्या पक्षाला राज्यस्तरीय पक्षाची मान्यता दिली. आता मडके त्यांचे आहे. कोणाच्या मेहेरबानीचे नाही. त्यांच्या उमेदवाराला दहा सूचक गोळा करावे लागत नाहीत.

इतक्या लांब कशाला? कोल्हापूर जिल्ह्यात विनय कोरे यांचा जनसुराज्य शक्ती हा महायुतीतलाच लहान पक्ष आहे. २०२४ मध्ये त्याचे दोन आमदार स्वतःच्या चिन्हावर निवडून आले. त्यातली हातकणंगलेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे! केंद्रात मंत्रिपद असलेल्या आपल्या पक्षाला जे जमले नाही, ते दीड तालुक्याच्या पक्षाला कसे जमले? कोऱ्यांकडे वारणेचा साखर कारखाना आहे, दूध संघ आहे, हे खरे. आपल्याकडे कारखाने नाहीत. पण आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे आहे. अमुक दोन-तीन मतदारसंघ आमचे, तिथे आमच्याशिवाय निकाल लागत नाही, हे मित्रपक्षाला आकड्यांनी माहीत आहे. आपण ४८ मतदारसंघांत ताकद असल्याचे सांगतो आणि एकाही मतदारसंघाचा तक्ता दाखवू शकत नाही.

बिहारमधल्या चिराग पासवान यांचे राजकारण मला पटत नाही, पण त्यांचा हिशेब शिकण्यासारखा आहे. २०२० मध्ये ते नितीशकुमारांविरुद्ध वेगळे लढले. जागा एक आली. पण मते साडेपाच टक्क्यांच्या वर मोजली गेली आणि संयुक्त जनता दलाला किती ठिकाणी फटका बसला हे सगळ्यांना दिसले. २०२४ च्या लोकसभेत त्यांना पाच जागा मिळाल्या, पाचही जिंकल्या. २०२५ च्या विधानसभेत त्यांचे १९ आमदार आले. आधी मत मोजून दाखवले, मग पंगतीला बसले.

आता इथे कोणी म्हणेल की वकीलसाहेब, वंचित बहुजन आघाडीने तर मत मोजूनच दाखवले होते. बरोबर. २०१९ च्या लोकसभेत वंचित आणि एमआयएम आघाडीला ४१ लाखांच्या आसपास मते पडली. महाराष्ट्रात आंबेडकरी नेतृत्वाला इतके मोजलेले मतदान त्यापूर्वी कधी मिळाले होते? वंचितचा स्वतःचा एकही खासदार आला नाही, औरंगाबादची जागा एमआयएमला मिळाली, पण हातात आकडा होता. तो आकडा घेऊन पुढच्या पाच वर्षांत समझोता व्हायला हवा होता. त्याच वर्षी विधानसभेत मते २५ लाखांपर्यंत खाली आली. २०२४ मध्ये महाविकास आघाडीशी बोलणी फिसकटली आणि लोकसभेत वंचितची मते तीन टक्क्यांच्या आत आली. बोलणी कोणामुळे फिसकटली यावर आपल्या वस्त्यांत अजून भांडणे होतात. काँग्रेस आणि राष्ट्रवादीवाल्यांनी प्रामाणिकपणा दाखवला नाही, असे माझेही मत आहे. तरीही मोजलेल्या मतालाही मुदत असते. ती टळली की तेच मत मतविभागणीच्या आरोपाखाली आपल्याच अंगावर येते.

म्हणजे आज आपल्या चळवळीची स्थिती काय? एकाकडे खुर्ची आहे आणि मोजलेले मत नाही. दुसऱ्याकडे मोजलेले मत होते आणि मित्र नाही. दोघांची बेरीज कोणी करत नाही आणि दोघांच्या कार्यकर्त्यांना एकमेकांना दलाल आणि मतविभाजक म्हणण्यातून फुरसत नाही.

२०२४ च्या लोकसभेत आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे सरकारमधल्या रिपब्लिकनांनी डोळेझाक करू नये. संविधान बदलले जाईल ही भीती वस्त्यावस्त्यांत पोचली होती. घटना बदलणार नाही, असे आठवले सभांमधून सांगत होते. लोकांनी ऐकून घेतले आणि मत दुसरीकडे टाकले. महाविकास आघाडी ४८ पैकी ३० जागांवर गेली, त्यात बौद्ध मतांचा वाटा किती, हे कोणत्याही तालुक्याच्या कार्यकर्त्याला विचारा. नेता सरकारमध्ये आणि मतदार सरकारविरुद्ध, अशी फारकत झाली की मोठ्या पक्षाच्या हिशेबात लहान पक्षाची किंमत काय राहते? भाजपवाले भावनेवर जागा वाटत नाहीत. हा पक्ष मते आणू शकत नाही, मग व्यासपीठावर निळा रंग दिसण्यापुरते एक राज्यमंत्रिपद पुरेसे आहे, असा त्यांचा व्यवहार आहे. महायुतीत सन्मानजनक जागा का मिळत नाहीत, याचे उत्तर विश्वासघातात शोधण्यापूर्वी इथे शोधावे.

बाबासाहेबही मंत्रिमंडळात एकटेच होते. ऑगस्ट १९४७ मध्ये ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलासह इतर प्रश्नांवर राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यानंतरच्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून त्यांचा पराभव झाला, १९५४ ला भंडाऱ्यातही झाला. पण फेडरेशनचा हत्ती त्यांनी काँग्रेसच्या बैलजोडीच्या दावणीला बांधला नाही. १९५१ च्या जाहीरनाम्यात कोणाशी युती करायची नाही हेही त्यांनी लिहून ठेवले होते. हिंदू महासभा आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांची नावे त्यात स्पष्ट आहेत. कम्युनिस्टांचेही आहे. आज भाजपबरोबर असलेल्यांनी त्या पानावर बोट ठेवून आपली भूमिका एकदा जनतेला समजावून सांगावी. मला ती समजलेली नाही. आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनीही १९६७ नंतर काँग्रेसच्या दारात पक्षाचे किती तुकडे झाले याचा हिशेब द्यावा. हत्तीचे म्हणाल, तर तो आज बहुजन समाज पक्षाकडे आहे. आपले चिन्ह आपल्याला सांभाळता आले नाही, कांशीरामांनी ते उचलले आणि उत्तर प्रदेशात मुख्यमंत्रिपदापर्यंत नेले.

ही सगळी खटपट कशासाठी? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली ती खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी, म्हणजे शिवसेनेच्या मंत्र्याने. हा पैसा कोणाच्या शिष्यवृत्तीचा, कोणाच्या वसतिगृहाचा? डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या वेळी विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात चालू होते. सभागृहात आवाज उठला, पण तो इतर पक्षांच्या आमदारांनी त्यांच्या सोयीने उठवला. पक्षादेशाची पर्वा न करता रिपब्लिकन म्हणून उभा राहणारा एकही आमदार तिथे नव्हता. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे मूठभर आमदार मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात होते, सत्तेबाहेर होते, आणि खोती नष्ट करण्याचे बिल बाबासाहेबांनी तिथे मांडले होते.

पुढची विधानसभा २०२९ मध्ये आहे. माझी सूचना साधी आहे आणि ती दोन्ही बाजूंच्या नेत्यांना आहे, युती कोणाशीही असो. दहा मतदारसंघ निवडा, चाळीस नव्हे. त्या दहांत आतापासून मतदान केंद्रवार कार्यकर्ते नेमा. गेल्या तीन निवडणुकांचे फॉर्म २० काढा, ते सरकारी संकेतस्थळावर मिळतात, आणि आपल्या वस्त्यांची केंद्रे त्यावर खूण करून ठेवा. जागावाटपाच्या बैठकीला तो तक्ता घेऊन जा. चिन्ह आपलेच, ही अट जागांच्या संख्येच्या आधी ठेवा. चिन्हासह दोन जागा मिळाल्या तर घ्या, दुसऱ्याच्या चिन्हावर आठ मिळत असतील तर सोडा. महामंडळाचे अध्यक्षपद देतो म्हणाले, तर ते सही करून देतात की तोंडी, हे वकिलाला विचारून पाहा. आणि आंबेडकरी पक्षांनी निदान त्या दहा जागांवर एकमेकांविरुद्ध उमेदवार देऊ नये. ऐक्य वगैरे मोठे शब्द मी वापरत नाही, त्या शब्दाचे आपण काय केले आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

एबी फॉर्म घेऊन गाडी पुन्हा येईल. दुपारी दीडलाच येईल. ते कंडक्टर काका आता हयात नाहीत. अंगणवाडीच्या ताई मात्र अजून त्याच वस्तीत राहतात, आणि दहा सूचकांत त्यांचे नाव पहिले लिहायचे असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

जय भीम.